ठासणीची एकनळी बंदूक : चार रब्बी हंगामांनंतर

काटोल तालुक्यात आमची साडेसहा एकर जमीन आहे. त्यातील चार एकरांत संत्र्याची बाग असून उरलेल्या वावरात खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत हरभरा असतो. मी नागपुरात राहतो आणि पीक उभे असताना आठवड्यातील तीन-चार रात्री शेतावर मुक्काम करतो. रानडुकरांच्या त्रासाला कंटाळून २०२१ साली मी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, एकनळी बंदूक विकत घेतली. तेव्हापासून ओळखीचे कास्तकार ‘ही घ्यावी का’ असे वरचेवर विचारतात. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन कोणाची दिशाभूल होऊ नये, म्हणून चार हंगामांचा अनुभव येथे सविस्तर मांडत आहे.

आधी परवान्याविषयी, कारण या बंदुकीचा मोठा खर्च तिथेच होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा आणि स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्याच आधारावर मी जिल्हा प्रशासनाकडे अर्ज केला. सातबारा, पीक नुकसानीचे पंचनामे, पोलीस पडताळणी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र अशी कागदपत्रे जमवता जमवता माझे कित्येक महिने गेले आणि फेऱ्यांवरचा खर्च बंदुकीच्या किमतीच्या जवळ जाऊन पोहोचला. बंदूक स्वतः मात्र १२ बोअरच्या दुनळीच्या मानाने बरीच स्वस्त पडते. कमी पैशांत, कायदेशीर मार्गाने हाती येणारे पहिले शस्त्र म्हणून आमच्या भागात तिच्याकडे पाहिले जाते, ते योग्यच आहे.

शहरातील विक्रेत्याने मला ती ‘शिकारीची बंदूक’ म्हणून दाखवली होती. हा शब्द आता टाकून द्यावा, असे मला मनापासून वाटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौसेची शिकार उरलेली नाही, आणि उभे पीक उद्ध्वस्त करणारे रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायचे झाले तरी त्यासाठी वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे, ही गोष्ट विकत घेणाऱ्याला दुकानात कोणी सांगत नाही. मी गेल्या चार वर्षांत एकही जनावर मारलेले नाही. माझी बंदूक जवळजवळ नेहमी नुसत्या बंदुकीच्या दारूवर, छर्रे न भरता वाजते. तिचे मूल्यमापन मी त्याच कामावरून करत आहे.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. ही बंदूक तोंडाकडून भरली जाते. मापाने काळी दारू नळीत ओतायची, तिच्यावर कापडाचा किंवा पुठ्ठ्याचा बोळा गजाने ठासायचा, छर्रे हवे असल्यास ते घालून वर दुसरा बोळा बसवायचा आणि सर्वांत शेवटी मागच्या निप्पलवर, म्हणजे बारीक छिद्राच्या छोट्या बोंडीवर, ठिणगी देणारी टोपी चढवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतील ठिणगी निप्पलच्या बारीक छिद्रातून आत जाते आणि बार उडतो. १८५७ च्या काडतुसांची हकिगत आपण सर्वांनी शाळेत वाचलेली असते, पण ते काडतूस दातांनी का फाडावे लागत असे, हे मला पहिल्यांदा स्वतः बंदूक भरताना समजले. ती काडतुसे ज्या रायफलीची होती ती १८५३ ची एनफिल्डसुद्धा तोंडाकडूनच भरायची होती आणि कागदी पुडीतील दारू आधी नळीत ओतल्याशिवाय तिचे पुढचे काम होत नसे.

हातात घेतल्यावर बंदूक वजनाला भारी वाटत नाही आणि खांद्याला नीट बसते. सागवानासारख्या दिसणाऱ्या दस्त्याचे काम साधे आहे. रंगरंगोटी कमी आणि तेलपाणी जास्त केले असते तर बरे झाले असते. पहिल्याच पावसाळ्यात दस्ता फुगला आणि नळीखालच्या खाचेत ठेवलेला लाकडी गज असा अडकला की तो काढताना टोकाशी चिरला. मी तो टाकून पितळी टोकाचा नवा गज करवून घेतला. नव्या गजावर दोन रेघा कोरून घेतल्या आहेत. रिकाम्या नळीत गज टाकला की नळीच्या तोंडाशी वरची रेघ दिसते आणि बार भरलेला असेल तर खालची. अंधारात, झोपमोड झालेली असताना, ‘ही भरलेली आहे की रिकामी’ या प्रश्नाचे उत्तर बोटाने चाचपून मिळते. ही सोय कारखान्याने मुळातच द्यायला हवी होती.

खरी उणीव निप्पलची आहे. माझ्या बंदुकीचे निप्पल मऊ धातूचे निघाले आणि घोडा त्यावर सरळ न पडता किंचित तिरका पडत असे. त्यामुळे दुसऱ्या हंगामापर्यंत निप्पलची कड चेपली आणि टोपी सैल बसू लागली. नागपुरातील एका वयस्कर कारागिराने घोड्याचे तोंड कानसून सरळ केले आणि कडक पोलादाचे निप्पल बसवून दिले, तेव्हापासून तक्रार नाही. नवी बंदूक घेणाऱ्याने दुकानातच, नळी रिकामी असल्याची खात्री करून, घोडा हळूच खाली आणून तो निप्पलवर मध्यभागी टेकतो की नाही ते पाहावे. नळीची चमक पाहण्यात वेळ घालवण्यापेक्षा ही तपासणी अधिक मोलाची आहे.

पहिल्या हिवाळ्यातला एक प्रसंग सांगतो. रात्री दोनच्या सुमारास धुऱ्याच्या (बांधाच्या) बाजूने डुकरांचा कळप हरभऱ्यात शिरला. मी घोडा चढवून चाप ओढला, तर फक्त टोपी ‘फट्’ करून वाजली आणि बार उडालाच नाही. अशा वेळी बंदूक लगेच खाली घेऊन तोंडात डोकावणे हा जीवघेणा मूर्खपणा ठरू शकतो, कारण आत ठिणगी धुमसत असेल तर बार उशिरानेही उडतो. मी नळी धुऱ्याच्या मातीकडे रोखून घड्याळात दोन मिनिटे मोजली, मग टोपी बदलली, पुन्हा तेच झाले, आणि तिसऱ्या टोपीला बार उडाला. तोपर्यंत कळपाने सहा-सात ओळी उकरून टाकल्या होत्या. दोष बंदुकीचा नव्हता. साफसफाईनंतर नळीत राहिलेले तेल ओघळून निप्पलच्या छिद्रात बसले होते. तेव्हापासून बार भरण्यापूर्वी मी रिकाम्या नळीवर एक टोपी उडवतो आणि त्या वेळी नळीचे तोंड जमिनीवरच्या वाळलेल्या पानाजवळ धरतो. पान हलले तर छिद्र मोकळे आहे, आणि पान जागचे हलले नाही तर भरायचे नाही.

साफसफाईवर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण ही बंदूक टिकते की सडते ते यावरच ठरते. काळी दारू जळाल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घट्ट काजळीच्या रूपाने मागे उरतो, आणि त्या काजळीतील क्षार हवेतील ओल ओढून घेतात. जुलै-ऑगस्टमध्ये एक रात्र जरी नळी तशीच राहिली तरी सकाळी आतून तांबूस गंज दिसतो. त्यामुळे बार उडवल्यावर त्याच रात्री, कितीही झोप आली तरी, ओसरीवर बसून नळी धुवावी लागते. मी दस्ता वेगळा करतो, निप्पल काढतो, नळीचा मागचा भाग बादलीत ठेवतो आणि कढत पाण्यात थोडा साबण घालून ते वरून ओततो. पहिले पाणी शाईसारखे काळे येते आणि त्याला कुजलेल्या अंड्याचा वास असतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेस पाणी स्वच्छ येऊ लागते. शेवटचे पाणी पुरेसे कढत असेल तर नळीच इतकी तापते की आतील ओल आपोआप उडून जाते; मग कोरडे फडके आणि त्यानंतर तेलाचा अगदी पातळ हात. सगळे मिळून पाऊण तास लागतो. रॉकेलने पुसून ठेवणारे शेजारी मी पाहिले आहेत. ते क्षार पाण्यानेच निघतात, रॉकेलने निघत नाहीत, आणि त्यांच्या नळ्यांची अवस्था पाहून वाईट वाटते.

दारूविषयी एक इशारा द्यायलाच हवा. १२ बोअरच्या काडतुसातील धूररहित दारू काढून ठासणीच्या बंदुकीत भरण्याचा सल्ला काही ‘जाणकार’ देतात. तो कधीही मानू नये. त्या दारूचा दाब या नळीला सोसवत नाही, नळी फुटते आणि बोटे, डोळे किंवा जीव जातो. परवान्यावर मिळते तीच काळी दारू वापरावी, ती तपासणीत दाखवावी लागेल अशा हिशेबाने नोंदवून ठेवावी आणि बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवावी. देशातील स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, पण म्हणून दारू आणि टोप्या येथे सहज मिळतात असे मात्र नाही. टोप्यांसाठी मला दोन वेळा महिनाभर थांबावे लागले. हंगाम सुरू होण्याआधीच साठा पाहून ठेवलेला बरा.

माझा भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. तिकडे ठासणीच्या रायफलींचा वेगळा शिकार हंगाम असतो आणि नवशिक्यांसाठी स्वस्त रायफली निघतात. त्याने घेतलेली सी. व्ही. ए. वुल्फ मी व्हिडिओ कॉलवर बारकाईने पाहिली. नळी २४ इंचांची, आतून दर २८ इंचांत एक पूर्ण पीळ घेणारे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा), टोपीऐवजी मागून बसणारा, दारू पेटवणारा २०९ क्रमांकाचा प्रायमर आणि साफसफाईसाठी हाताने फिरवून निघणारी मागची डाट, म्हणजे नळीचे मागचे बूच. ही मागची डाट पाहून मला खरोखर हेवा वाटला, कारण नळीच्या दोन्ही बाजूंनी आरपार फडके फिरवता येणे म्हणजे पाऊण तासाचे काम पंधरा मिनिटांवर येणे. आपल्या बंदुकीत आटे नसतात, म्हणून तिला रायफल म्हणता येत नाही आणि तिच्याकडून लांबच्या नेमाची अपेक्षाही करता येत नाही. दिवसा पुठ्ठ्यावर छर्रे मारून पाहिले तेव्हा तीस पावलांपलीकडे ते इतके विखुरले की त्या अंतरावरून जनावर मरण्याऐवजी जखमी होण्याचीच भीती अधिक. जखमी रानडुक्कर तुरीत दबून बसले तर सकाळी कापणीला येणाऱ्या बायांच्या जिवावर बेतते. छर्रे न भरण्याचे माझे हेही एक कारण आहे.

आवाजाच्या बाबतीत मात्र ही बंदूक पूर्ण गुण घेते. फटाक्याचा आवाज टणत्कारी आणि तोकडा असतो, तर काळ्या दारूचा बार छातीत उतरतो आणि नाल्याच्या पलीकडून घुमून परत येतो. माझा अनुभव असा की एका बारानंतर कळप दोन-तीन रात्री आमच्या वावराकडे फिरकत नाही. मात्र रोज रात्री ठरावीक वेळी बार उडवल्यास जनावरे आठवड्याभरात सरावतात. म्हणून मी वेळ आणि जागा दोन्ही बदलत राहतो. बार उडाल्यावर डोळ्यांपुढे काही क्षण अंधारी येते आणि पांढऱ्या धुराने समोरचे काहीच दिसत नाही. पुन्हा भरायला दिवसा एक मिनिट आणि रात्री त्याच्या दुप्पट वेळ लागतो. तेव्हा हाती एकच बार आहे हे धरूनच चालावे.

ज्यांना संपूर्ण हंगामाची हमी हवी आहे, त्यांनी पुढील अडचणही ध्यानात घ्यावी. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुकांच्या आचारसंहितेत मला बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. दुसऱ्या वेळी, २० नोव्हेंबरच्या मतदानाच्या सुमारास, हरभरा नुकताच उगवून वर आला होता. त्या दिवसांत आणि मी नागपुरात असतो त्या रात्री बंदुकीचा काहीही उपयोग होत नाही, कारण माझ्या गैरहजेरीत सालदाराने ती हाती घेणे कायद्याला मान्य नाही. त्या काळात आमचे रान सौर कुंपणाच्या झटक्याने राखले. कुंपणात थेट वीज सोडण्याचा मार्ग कोणीही धरू नये; तशा तारांनी विदर्भात वाघही मेले आहेत आणि रात्री पाणी द्यायला निघालेली माणसेही. पैसे एकाच गोष्टीसाठी असतील तर आधी सौर कुंपण घ्यावे आणि कुंपण ओलांडणाऱ्या हट्टी कळपासाठी नंतर बंदुकीचा विचार करावा, असे मी सांगतो.

मी स्वतः ही बंदूक विकणार नाही. शेतावर नियमित मुक्काम करणाऱ्या, कागदपत्रे वेळच्या वेळी सांभाळणाऱ्या आणि मध्यरात्रीसुद्धा पाणी तापवायला कंटाळा न करणाऱ्या कास्तकाराने ती जरूर घ्यावी. ज्याच्या घरी लहान मुले आहेत आणि भिंतीत पक्के केलेले लोखंडी कपाट नाही, त्याने आधी कपाट करावे. माझ्या परवान्याची पाच वर्षांची मुदत २०२६ मध्ये संपते. नूतनीकरणाच्या अर्जासोबत लागणारी कागदपत्रे मी काढून ठेवली आहेत, आणि कारागिराकडे कडक पोलादाची आणखी दोन निप्पले सांगून ठेवली आहेत.