वंशावळीची सशुल्क वेबसाइट: केंटकीचा पूर्वज शोधताना आलेला अनुभव

सदस्यत्व आपोआप वाढलं आणि कार्डावरून पुन्हा डॉलर गेले, म्हणून आज हे लिहायला बसले. पैसे परत मागितले तर ‘नियमात बसत नाही’ एवढंच उत्तर. पैशांचा राग आहेच, पण खरी तक्रार त्यांच्या ‘हिंट’बद्दल आहे, म्हणजे ‘हा तुमचा पूर्वज असावा’ असं वेबसाइट आपणहून सुचवते त्याबद्दल.

आमची सून अमेरिकेतल्या केंटकी राज्याची. नातवाच्या वडिलांकडचा छापील कुलवृत्तांत घरात आहे. आईकडची बाजू कोरी राहू नये, म्हणून हे सदस्यत्व घेतलं. तिच्या माहेरी माहीत होतं ते एवढंच: एक पूर्वज अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात व्हर्जिनियाच्या बाजूने इंग्रजांशी लढला आणि नंतर कम्बरलँड गॅप या डोंगरखिंडीतून केंटकीत जाऊन वसला. (केंटकी ही शॉनी या मूळ अमेरिकी जमातीची शिकारीची भूमी होती, हेही मी नातवाच्या वहीत लिहून ठेवलंय.)

सुरुवातीला मी खूश होते. नाव टाकलं की हिंटच हिंट. पण या माणसाचं नाव आणि आडनाव, दोन्ही सर्रास आढळणारी. वेबसाइटने एकाच नावाचे दोघे एकत्र करून टाकले. एकच माणूस एकाच वर्षी दोन परगण्यांत कर भरतोय! हिंट येते दुसऱ्यांच्या वंशवृक्षांवरून, आणि ते वृक्ष वाढलेले असतात असल्याच हिंटांवर. मूळ कागद कुणी उघडलेलाच नसतो. केंटकीच्या 1790 आणि 1800 च्या जनगणनेची पानं उरलेली नाहीत, 1800 च्या नोव्हेंबरात युद्धखात्याच्या कचेरीला लागलेल्या आगीत सैनिकांचे कागद जळाले. जिथे कागदच नाहीत तिथे इतक्या खात्रीने माणसं जोडून देणं मला अक्षम्य वाटतं.

गुंता सुटला तो जुन्या करयाद्यांमुळे. केंटकीच्या त्या याद्यांत जमीनमालकाच्या नावापुढे एकर आणि जवळच्या ओढ्याचं नाव असतं. एकाची जमीन वर्षानुवर्षं एका ओढ्यावर, दुसऱ्याची भलत्याच. दोघे वेगळे झाले! आणि हे सगळं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या मोफत वेबसाइटवर फुकट.

त्या युद्धातल्या सैनिकांच्या पेन्शनची फाइल तर प्रत्येकाने बघावी. 1832 च्या कायद्याने किमान सहा महिने सेवा केलेल्यांना पेन्शन मिळू लागली, पण बहुतेकांकडे सेवेचा दाखला नव्हता. मग म्हातारे सैनिक भर कोर्टात उभे राहून सांगत: जन्म कुठला, भरती कुठे झाली, कप्तान कोण, लढाईनंतर कुठे राहिलो. विधवांनी तर लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलची पानं फाडून जोडलीत. आमच्या माणसाने सांगितलेला परगणा त्या ओढ्याशी जुळला, तेव्हा मी सुनेला रात्रीच फोन केला.

इथे एक गोष्ट वेबसाइटच्या बाजूने सांगायलाच हवी, कारण ‘अजिबात घेऊ नका’ असंच मी लिहिणार होते. फाइलीत आडनाव वेगळ्याच स्पेलिंगने आहे. फुकटच्या शोधात ती मला सापडली नव्हती. या सशुल्क वेबसाइटच्या सूचीने लगेच काढून दिली. म्हणून पाचपैकी अडीच.

घ्यायचंच असेल तर एकाच महिन्याचं घ्या. पैसे भरल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करा. फाइलींच्या प्रतिमा उतरवून घ्या, आणि मूळ कागद वाचल्याशिवाय एकही हिंट स्वीकारू नका. जमिनीची सनद आणि मोजणीचे कागद केंटकीच्या सरकारी जमीन कार्यालयाच्या साइटवर फुकट बघता येतात. आमच्या त्या पूर्वजाच्या जमिनीच्या मोजणीचा कागद मी आता तिथेच शोधतेय.