स्वस्त मिनी पीसी: तपकीर गल्लीत घेण्याआधी एवढं बघा

मॉनिटरच्या पाठीला बसेल एवढा मिनी पीसी, खोक्यावर लिहिलेलं असतं: इंटेल सेलेरॉन एन4020, 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज, विंडोज 11. पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मुलांच्या अभ्यासासाठी, लाइटबिल भरायला, थोड्या टायपिंगसाठी लोक हाच उचलतात. पुढची तक्रार ठरलेली: "सारखा हँग होतो."

शिव्या प्रोसेसर खातो. तो दोनच कोअरचा आहे हे खरं, पण कोंडी रॅममध्ये होते. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरजच 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज आहे, त्यामुळे मशीन पहिल्या दिवसापासून काठावर असतं. नुसतं विंडोज सुरू झालं की अडीच जीबीच्या आसपास रॅम गेलेली असते. उरलेल्या जागेत क्रोमचे पाच-सहा टॅब आणि ऑनलाइन क्लास मावत नाहीत. मग विंडोज रॅममधला भार स्टोरेजवर टाकतं. हे स्टोरेज म्हणजे ईएमएमसी, बोर्डावरच चिकटवलेली चिप. बारीक बारीक फाइली लिहिताना ती एसएसडीच्या, म्हणजे वेगवान स्टोरेज पट्टीच्या, फार मागे पडते. माउस जागच्या जागी थिजतो तो याच क्षणी.

रॅम वाढवता येईल का, हे दुकानातच कळतं. मशीन चालू करायला सांगा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' उघडा आणि 'फॉर्म फॅक्टर' वाचा. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे, ती वाढणार नाही. 'एसओडिम' असेल तर रॅमची पट्टी सुटी असते, ती बहुधा बदलता येते. चालू करून दाखवायला नकार दिला तर घेऊ नका.

दुसरी तक्रार सी ड्राइव्ह लाल होण्याची. 64 पैकी विंडोजमध्ये 58 जीबीच्या आसपासच दिसतात आणि मोठं अपडेट आलं की तेही भरतात. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, 'टेम्पररी फाइल्स' या वाटेने जुनं विंडोज इन्स्टॉलेशन काढून टाका. तिथेच 'डाउनलोड्स'ही यादीत असतं. त्यावर खूण राहिली तर तुमच्याच फाइली जातील.

आत एम.2 स्लॉट, म्हणजे एसएसडीची पट्टी बसवायची खाच, असेल तर एसएसडी टाकून विंडोज तिच्यावर घ्या, फरक लगेच जाणवतो. मात्र या वर्गातल्या बऱ्याच बोर्डांवर तो स्लॉट फक्त साटा, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या जोडणीच्या पट्ट्या घेतो, नव्या, वेगवान एनव्हीएमई पट्ट्या ओळखतच नाही. साटावाल्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. आणण्याआधी स्लॉटची लांबीही मोजा, 42 मिमी की 80.

यूट्यूब अडखळत असेल तर कारण वेगळं. एव्ही1 हा व्हिडिओ लहान करून पाठवायचा नवा प्रकार; एन4020 तो हार्डवेअरवर उलगडत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. यूट्यूबच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एव्ही1 फक्त एसडीसाठी, म्हणजे कमी दर्जाच्या व्हिडिओसाठी, ठेवा.

आमचं मत: 4 जीबीचा सोल्डर केलेला खोका कितीही स्वस्त मिळाला तरी नको. थोडे पैसे वाढवून इंटेलचा एन100 प्रोसेसर, 8 जीबी रॅम आणि खरी एसएसडी असलेला घ्या. रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला, ऑफिस डेस्कटॉपही चांगला, पण त्यातल्या इंटेल प्रोसेसरच्या नावात, म्हणजे आय5-8500 मधला 8 हा पिढीचा आकडा असतो, तो नीट वाचा. 6500 किंवा 7500 गळ्यात मारला तर विंडोज 11 त्यावर अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लाच संपला आहे.