रिनोव्हेशन लोन घेऊन जुनं घर राहतं केलं : सगळा जीव पक्क्या बिलात

व्याजदर, ईएमआय, प्रोसेसिंग फी हे सगळं तुम्ही वाचलंच असेल, त्यात शिरत नाही. घरात राहायला येऊन काही महिने झालेत, आणि मागच्या पावसाळ्यात स्लॅबनं जो प्रसाद दिला, त्यानंतर लिहायचंच ठरवलं.

मानेवाड्याकडचं जुनं स्वतंत्र घर. २०२५ च्या सुरुवातीला ४६ लाखांत सौदा झाला. नागपूर सुधार प्रन्यासचं (नासुप्र) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र होतं, नाहीतर बँकेनं दारातही उभं केलं नसतं. पण वरची खोली मंजूर नकाशात नाही, म्हणून बँकेसाठी किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरनं ती धरलीच नाही. त्याच्या कागदावर घर ४२ लाखांचं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्के, म्हणजे ३३.६ लाख मिळाले. स्टॅम्प ड्युटी आणि ३० हजार नोंदणी फी खिशातून, कारण बँक ती किमतीत धरत नाही (१० लाखांपर्यंतच्या घरांना तेवढी मुभा आहे, पण त्या भावात नागपुरात घर दाखवा बाप्पा). घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं म्हणून ड्युटीत १ टक्का, म्हणजे ४६ हजार वाचले. ह्यांना जरा लागलं. पण ४६ हजार ते ४६ हजार.

एवढं भरल्यावर डागडुजीला काय उरणार? म्हणून वेगळं ८ लाखांचं रिनोव्हेशन लोन. एजंट म्हणाला, "मॅडम, याच्या व्याजावर ३० हजारांची वेगळी टॅक्स सूट." कशाची वेगळी! ती गृहकर्जाच्या व्याजावरच्या २ लाखांच्या मर्यादेतच बसते, आणि माझी मर्यादा खरेदीच्या कर्जाच्या व्याजानंच भरून जाते. मुद्दलावर ८०सीची सूट लागू नाही. नवीन टॅक्स रिजीममध्ये असाल तर राहत्या घरावर काहीच नाही. सूट पाहून हे लोन घेऊ नका.

आता खरं दुखणं. पैसे एकरकमी मिळत नाहीत. आधी इंजिनिअरचं एस्टिमेट, मग पहिला टप्पा, मग तो कामातच लागल्याचा पुरावा, बँकेचा माणूस येऊन पाहणार, त्यानंतर पुढचा टप्पा. पुरावा म्हणजे जीएसटीचं पक्कं बिल. आणि घराच्या कामात पक्कं बिल मागणं म्हणजे लग्नात आहेराची पावती मागण्यासारखं आहे. टाइल्सवाल्यानं गुलाबी पॅडवर पेनानं भाव लिहिला, वर 'रफ एस्टिमेट', दुकानाचं नाव कुठंच नाही. टाइल्स आणि सॅनिटरी मिळून २ लाख. "पक्कं पाहिजे तर १८ टक्के वरून लागतील." म्हणजे ३६ हजार, नुसत्या कागदाचे! रेतीचा टिप्पर आला, बिल म्हटल्यावर ड्रायव्हरनं मिस्त्रीकडे पाहिलं आणि मिस्त्रीनं माझ्याकडे. ठिय्यावरच्या मजुरांचं तर बोलायलाच नको. सिमेंटवर तेव्हा २८ टक्के होते. आमचं काम आटोपलं आणि २२ सप्टेंबरपासून झाले १८. आमचं नशीब.

बँकेचा पोरगा मात्र कामाचा निघाला. किल्लीनं एकेक टाइल ठोकून पाहिली, मोरीजवळ पोकळ वाजली, तेवढ्या मिस्त्रीला उखडायला लावल्या. मी ऐकलंही नसतं. पण हाच पोरगा कूलरच्या खिडकीवर अडला. भिंत फोडून चौकट बसवलेली, खाली लोखंडी स्टँड वेल्ड केलेला. त्याचं म्हणणं, कूलर हलवता येतो म्हणजे ते फर्निचर, म्हणून स्टँडही फर्निचर, लोनमध्ये धरता येत नाही. मे महिन्यात, नागपुरात, त्याच कूलरसमोर उभं राहून वारा घेत हे सांगत होता!

इथवरचं बरंचसं मी जूनमध्येच लिहून ठेवलं होतं, शिव्या थोड्या जास्त होत्या. मग जुलैची झड लागली आणि हॉलच्या कोपऱ्यात छताला पिवळं वर्तुळ धरलं. वॉटरप्रूफिंग नवंकोरं. शेजारच्या काकूंकडेही याच मिस्त्रीनं केलं होतं, कच्च्यात. त्यांच्याकडे गळल्यावर मिस्त्री फोन उचलेना. माझ्याकडे कंपनीच्या डीलरचं पक्कं बिल, त्यावर बॅच नंबर आणि चौरस फूट. तक्रार केली, माणूस आला, बिल पाहिलं, फोटो काढले. पॅरापेटच्या कडेचा गोला (भिंत आणि स्लॅबच्या सांध्यावरचा गोलसर लेप) उघडला होता. पूर्ण कड खरवडून पुन्हा मारून दिली, माल त्यांचा, मजुरीही त्यांचीच. मी थक्क.

ह्यांच्या मते टाइल्सचे ३६ हजार एका झडीत वसूल झाले. माझा हिशेब इतका ढिला नाही: टाइल्सचं बिल वेगळं, वॉटरप्रूफिंगचं वेगळं. पण सगळी बिलं आता एका फाइलीत लावली आहेत. कधी घर विकलंच, तर सुधारणेचा खर्च म्हणून नफ्यातून वजा करायला ती लागतील.

बाकी तक्रार नाही. रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेला दर. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला तसे दोन्ही कर्जांचे दर उतरले. फ्लोटिंग, म्हणजे बदलता दर असल्यानं आधी भरलं तर दंड नाही. आमच्याकडे रिनोव्हेशनचा दर खरेदीच्या कर्जापेक्षा जास्त, त्यात सूटही नाही, म्हणून दिवाळीचा बोनस सगळा तिकडेच टाकला. तुमच्या कामात वायरिंग, प्लंबिंग, स्लॅब असा दुकानातून येणारा माल जास्त असेल तर हे लोन परवडतं. नुसती तोडफोड आणि मजुरी असेल तर बिलं जमवताना रडाल.

शेवटचा दीड लाखाचा टप्पा मी उचललाच नाही. गेट जुनंच ठेवलं, घासून ऑइलपेंट मारला. बँकेतून अजून फोन येतो, "मॅडम, तुमचं डिसबर्समेंट पेंडिंग आहे." राहू द्या म्हटलं.