केस नंबर शेवटपर्यंत दिला नाही, कोर्ट फी मात्र 48,500 घेतली

लिहायला लाज वाटतेय पण लिहिते. भावांवर वाटपाचा दावा लावायचा होता, ओळखीतल्या एकाने कोर्टाच्या आवारात बसणारा "वकील" गाठून दिला. काळा कोट, गळ्यात बँड, येणारेजाणारे नमस्कार करतायत, अशा माणसाला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, दाखवा म्हणायची हिंमत होते का कोणाची?

मी गेले ते बाबांची पत्र्याची पेटी पिशवीत रिकामी करून. सातबारा, फेरफार, बाबांचं जुनं खरेदीखत, सगळं ओरिजिनल, आणि वर "तुम्हीच बघा साहेब". तिथेच त्याने मला जोखलं. तुम्ही मात्र घरूनच कोण कधी वारलं, कुठला फेरफार कधी पडला हे तारखेवार एका कागदावर लिहून न्या, आणि द्यायच्या फक्त झेरॉक्स.

ॲडव्हान्स 15,000, नोटीस 3,000, कोर्ट फी 48,500, सहा तारखांचे 1,500 प्रमाणे 9,000. एकूण 75,500, सगळे रोख, पावती एकाचीही नाही. आणि महाराष्ट्रात मिळकतीच्या वादात बायकांना 1994 पासून कोर्ट फी माफ आहे!! हे नंतर कळलं.

पण खरं कळायला हवं होतं ते नोटिशीची कॉपी हातात आली तेव्हाच. आमचा गट नंबर 214, त्यात 241. मी म्हटलं चुकलंय, तर कॅंटीनमध्ये चहा ढवळत म्हणाला "ताई, टायपिंग मिस्टेक, दाव्यात बरोबर आहे." केस नंबर मागितला तर "पडायचाय अजून". नंबर पडला नाही तर तारखा कशाच्या पडत होत्या? हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही, उलट त्याच्या भज्यांचे 40 रुपये मीच दिले. आईचं आजारपण चालू होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं माझं.

भाच्याने ई-कोर्ट्स ॲपवर माझं नाव टाकलं, दोन मिनिटांत कळलं दावाच नाही. फुकट ॲप आहे, सोळा अक्षरी सीएनआर नंबर (दाखल झालेल्या प्रत्येक केसला मिळतो तो) मिळाल्याशिवाय तारखेचे पैसे देऊ नका.

पोलीस म्हणाले, "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." अहो कोर्टात केसच नाही हीच तर तक्रार आहे! तीन चकरा, प्रत्येक वेळी साहेब बंदोबस्ताला, अर्जावर पोचीचा शिक्का द्यायलाही तयार नाहीत. वकिलांना सनद देणाऱ्या बार कौन्सिलकडे गेले तर या नावाची सनदच नाही, आणि वकीलच नाही म्हणजे आमच्याकडे तक्रार बसत नाही. म्हणजे खोटा वकील असला की तो सुटला?

सातबारा ऑनलाइन परत काढला. खरेदीखत अजून त्याच्याकडेच आहे, फोन बंद.