नवशिक्याच्या कथेला खरा वाचक कुठे मिळतो? गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, कथा फावल्या वेळात लिहितो. गेल्या पावसाळ्यापासून अभिप्राय मिळवायचे बरेच मार्ग वापरून झाले. नाशकात नव्यानं लिहिणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून हे लिहितोय.

घरचे आणि शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप लवकर आटोपतो. बायको "छान आहे" म्हणते. ग्रुपवर अंगठे येतात, ज्यानं फाइल उघडलीसुद्धा नाही त्याचाही येतो. दिवाळी अंकांकडून काही कळलं नाही की नकार समजायचा. एवढ्या ढिगातून प्रत्येकाला कारण कळवायला संपादकाला वेळ कुठून मिळणार? त्यांच्यावर राग नाही, पण अभिप्राय म्हणून उपयोग शून्य.

मग पैसे देऊन हस्तलिखित तपासून देणारे एक गाठले (नाव लिहीत नाही). पाठवण्याआधी मुद्दाम एक खोडी करून ठेवली. दुसऱ्या पानावरची सुमनमावशी पाचव्या पानावर कुसुममावशी केली. अहवाल आला दोन पानांचा, सुबक. 'व्यक्तिरेखा जिवंत', 'भाषा ओघवती', 'शेवट अधिक प्रभावी करता येईल'. मावशीबद्दल अवाक्षर नाही. खाली पुस्तक छापून देण्याच्या पॅकेजचे दर. ज्याला पॅकेज विकायचंय त्याला कथा फसलीय म्हणणं परवडणार कसं?

एआय चॅटबॉटनं मावशी लगेच पकडली, ऱ्हस्वदीर्घही बरेचसे बरोबर दाखवले. तेवढ्यापुरता तो चांगलाच आहे. पण कथा कशी वाटली विचारलं की कौतुक, आणि "कडक बोल" म्हटलं की त्याच परिच्छेदात दोष. शिवाय त्यानं सुधारून दिलेल्या संवादात माझा निफाडचा म्हातारा बातम्या वाचल्यासारखा बोलायला लागला.

शेवटी टिकला तो तिघांचा गट. डिसेंबर २०२१ मध्ये आडगावला ९४वं साहित्य संमेलन झालं, तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर एका निवृत्त शिक्षिकाबाईंची ओळख झाली होती. पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षबागायतदार भाऊ गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेत भेटले. तिसरी बाईंचीच एक जुनी विद्यार्थिनी, सातपूरला नोकरी करते. रविवारी सकाळी गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकाच्या आवारात जमतो, नंतर मिसळ.

पद्धत साधी आहे. रुंद समास सोडून प्रिंट काढायची. वाचणाऱ्यानं तीनच खुणा करायच्या: कुठे अडखळलो, कुठे पान उलटावंसं वाटलं, कुठे पटलं नाही. कथा चांगली की वाईट हे लिहायचं नाही. आमच्या कारखान्यात नापास मालाच्या रिजेक्शन स्लिपवर नुसतं 'जॉब खराब' लिहिलं तर सुपरवायझर परत पाठवतो. कुठलं माप किती हुकलंय ते लिहावं लागतं. तसंच हे.

आणि खुणा दाखवण्याआधी प्रत्येकानं गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला. माझी कथा माझ्या मते गारपिटीची होती. तिघांनीही सांगायला सुरुवात केली ती वहिनीनं गहाण टाकलेल्या पाटल्यांपासून. कुणी टीका केली नाही, सल्लाही दिला नाही, तरी गारपिटीची दोन पानं त्याच रात्री काढली.

कोणाचं कुठवर ऐकायचं हे मात्र हळूहळू कळतं. व्यापारी सौदा मोडतो त्या प्रसंगाला भाऊंनी खूण केली. म्हणाले, "अहो, तो तोंडावर नाही म्हणतच नाही. आधी भाव पाडतो, मग फोन उचलत नाही." हे कुठल्याही तज्ज्ञानं मला सांगितलं नसतं. भाषेबद्दल मात्र भाऊंना सगळंच आवडतं. बाईंना वाक्याचा कान आहे, "अरे, ही मावशी मध्येच बदलली कशी?" हे त्यांनी पहिल्याच वाचनात विचारलं होतं. पण कच्च्या खर्ड्यातही वेलांट्या दुरुस्त करतात, म्हणून त्यांना कथा उशिरा द्यावी. विद्यार्थिनी कंटाळली की खरंच कंटाळते, लपवत नाही. तिच्या 'पान उलटावंसं वाटलं'वर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. एकाच ओळीवर दोघांच्या खुणा आल्या तर मी ती बदलतो, एकाचीच असेल तर आठवडाभर थांबतो.

तोटेही आहेत. दुसऱ्यांचंही तितकंच मन लावून वाचावं लागतं, त्यात माझं लिहिणं निम्म्यावर आलंय. द्राक्षांची काढणी सुरू झाली की भाऊ एप्रिलपर्यंत दिसत नाहीत. खर्च मात्र प्रिंटचा आणि मिसळीचा, बस.

विनोदी कथेला ही पद्धत चालत नाही. परवा बाईंनी एका विनोदाला 'हसले' असं समासात लिहून दिलं. मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा कुणीच हसलं नाही. आता तसली कथा आधी वाचून दाखवतो, प्रिंट नंतर देतो.