पहिली भाषा: सी की पायथन?

हा प्रश्न दोन वेगळ्या प्रकारचे लोक विचारतात. एकाला प्रोग्रामिंग जमतंय का, आवडतंय का, एवढंच बघायचं असतं. त्याने पायथन घ्यावी, त्यात चर्चेसारखं फारसं काही नाही. दुसऱ्याला कॉम्प्युटर सायन्स शिकायचंय, म्हणजे पुढे डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर हे सगळं यायचंच आहे. इथून पुढचं त्याच्यासाठी.

पहिल्या पंधरा दिवसांत पायथन सरळसरळ पुढे असते. तिथे इनपुट नेहमी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून येतं, त्यामुळे ५ आणि ७ ची बेरीज ५७ दिसते. पण एकदा ते इंटमध्ये (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळायची सवय लागली की विषय संपला. सीमध्ये इनपुट वाचणारं स्कॅनएफ जास्त छळतं. आधी आकडा वाचला आणि मग एक अक्षर, तर दुसरा प्रश्न न थांबताच पुढे निघून जातो. आकड्यानंतर दाबलेलं एंटर बफरमध्ये, म्हणजे इनपुटच्या तात्पुरत्या साठ्यात, पडून राहतं आणि तेच अक्षर म्हणून वाचलं जातं. उपाय एवढाच की दुसऱ्या स्कॅनएफमध्ये टक्के-सीच्या (%c, अक्षर वाचायची खूण) आधी एक स्पेस सोडायची. कारण कळेपर्यंत मात्र डोकं फिरतं.

चुका दाखवण्यातही पायथनच बरी. लिस्टच्या बाहेर हात गेला की ती थांबते आणि ओळीचा नंबर देते. ३.१० आवृत्तीपासून तर न मिटलेला कंसही नेमका कुठे उघडला होता ते सांगते. सीमध्ये ५ घरांच्या ॲरेवर लूप 'पेक्षा कमी'ऐवजी 'पेक्षा कमी किंवा समान' असा लिहिला तर सहाव्या, नसलेल्या घरात लिहिलं जातं. प्रोग्राम बऱ्याचदा निमूट चालतो, फक्त शेजारचा एखादा व्हेरिएबल बदललेला असतो. त्यावर कडी म्हणजे, तपासायला मध्ये किंमत छापणारा एक प्रिंटएफ घातला की मेमरीतली मांडणी हलते आणि चूक गायब! याच ठिकाणी बरेच जण सी सोडतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

पण या त्रासावर औषध आहे. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरला (सीचा कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामला) सगळ्या वॉर्निंग दाखवायला सांगायचं, डीबगची माहिती ठेवायला सांगायचं आणि मेमरीतल्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर चालू करायचा. मग तीच चूक पहिल्याच रनला ओळीच्या नंबरासकट पकडली जाते. विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यूमध्ये (तिथल्या जीसीसीमध्ये) सहसा हा पर्याय चालत नाही, तिथे डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यात काम करावं.

पायथनच्या ज्या त्रासाने माझा कौल सीकडे गेला, त्यावर असा फ्लॅग (चालू करायचा पर्याय) नाही. तीन बाय तीनचं शून्यांचं टेबल हवं म्हणून नवशिक्या [[०]*३]*३ लिहितो. छापलं की बरोबर दिसतं. मग एका घरात १ टाकला की तिन्ही ओळींत १ उमटतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. कारण ओळ एकच आहे, तिच्याकडे बोट दाखवणारे तिघे आहेत. कॉम्प्रिहेन्शनने (दर ओळ नव्याने बनवणाऱ्या छोट्या लूपने) टेबल बनवा म्हणजे सुटेल, असं उत्तर मिळतं आणि ते सुटतंही. पण पुढच्या आठवड्यात तोच प्रकार दुसऱ्या वेषात येतो: फंक्शनला दिलेली लिस्ट आत बदलली तर बाहेरही बदलते, दिलेला आकडा मात्र बदलत नाही. स्लाइस (लिस्टचा तुकडा) घेऊन कॉपी केली तरी आतल्या लिस्ट सामाईकच राहतात. दरवेळी नवा नियम पाठ करायचा, आणि सगळ्यांच्या मुळाशी असलेली एकच गोष्ट, म्हणजे मेमरीतला पत्ता, भाषेने झाकून ठेवलेली. सीमध्ये पॉइंटर (असा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल) कागदावर चौकोन आणि बाण काढून एकदा समजला की पायथनची ही सगळी कोडी आपोआप उलगडतात. उलट दिशेने हे इतकं सहज होत नाही, निदान माझा अनुभव तरी तसा.

आकड्यांचंही थोडंफार तसंच. फॅक्टोरिअलचा प्रोग्राम सीमध्ये साध्या ३२ बिटी इंटवर (ठरावीक जागेत मावणाऱ्या पूर्णांकावर) १२ पर्यंत बरोबर चालतो, ४७९००१६०० देतो. १३ ला ६२२७०२०८०० यायला हवेत, पण सहसा १९३२०५३५०४ येतात. पायथन न अडखळता खरं उत्तर देते. कामासाठी तेच हवं, पण आकड्याला जागा लागते आणि ती संपते, हे तिथे कळायचं राहून जातं.

वेगाचा मुद्दा मी जाणूनबुजून सोडतोय, शिकणाऱ्याच्या प्रोग्राममध्ये तो जाणवतच नाही. ज्याला दोन महिन्यांत डेटावर काम करून दाखवायचंय, त्याने माझं ऐकू नये.

बाकीच्यांनी, जमलं तर, सीपासून सुरुवात करावी. दोन्ही भाषा एकदम नकोत. सेमीकोलन आणि इंडेंटेशन यांच्या गोंधळातच आठवडे जातात. सीमध्ये मॅलॉक (मेमरी मागून घेणारं फंक्शन) वापरून लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकांच्या पत्त्यांनी जोडलेल्या नोडांची साखळी, लिहा: नोड घालणे, मधला काढणे, सगळी लिस्ट फ्री करणे, म्हणजे तिची मेमरी परत देणे. फ्री करताना पुढच्या नोडचा पत्ता आधी बाजूला ठेवा, नाहीतर सोडून दिलेल्याच मेमरीत वाचायला जाल. लिनक्सवर ॲड्रेस सॅनिटायझर लीकचीही (परत न दिलेल्या मेमरीचीही) यादी देतो. ती यादी रिकामी आली की पायथन उघडा.