गुहागर–चिपळूण रस्त्यावर दहा महिने झेनॉन किट: वापरानंतरचा अनुभव

माझी गाडी बारा वर्षांची हॅचबॅक आहे. तिच्या हेडलाइटला साधा रिफ्लेक्टर (बल्बामागची चकचकीत वाटी) असून त्यात एच-4 प्रकारचा 60/55 वॅटचा हॅलोजन बल्ब बसतो. नोकरीसाठी मी गुहागरहून चिपळूणला रोज ये-जा करतो. एका बाजूचे अंतर सुमारे 45 किलोमीटर आहे आणि परतताना मार्गताम्हाण्याच्या पुढे बहुतेक वेळा अंधारातच गाडी चालवावी लागते. जुन्या बल्बचा पिवळट, मंद उजेड पुरेनासा झाला, म्हणून गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये मी 35 वॅटचे, 6000 केल्विन रंगाचे झेनॉन किट बसवून घेतले. किटचे साडेतीन हजार आणि बसवणुकीचे सहाशे रुपये पडले. ते मी हिवाळा, उन्हाळा आणि जवळजवळ संपूर्ण पावसाळा वापरले आणि ऑगस्टमध्ये काढून टाकले.

बसवण्याचे काम वायरमनने दोन तासांत केले. झेनॉन बल्बात तार नसते. दोन टोकांमधल्या वायूतून विजेची ज्योत पेटवावी लागते. त्यासाठी बॅलास्ट नावाची पेटी क्षणभर 20,000 व्होल्टपेक्षा अधिक दाब देते आणि ज्योत स्थिर झाल्यावर तो सुमारे 85 व्होल्टवर आणते. त्यामुळे दिवा चालू असताना या वायरींना हात लावू नये, हे वायरमनने सुरुवातीलाच बजावले ते योग्यच होते. मात्र वायर बाहेर काढण्यासाठी हेडलाइटच्या मागच्या रबरी टोपीला त्याने भोक पाडले आणि मी त्याला अडवले नाही. त्याचा त्रास पुढे जूनमध्ये झाला.

उजेड वाढला हे खरे आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. एच-4 बल्बाचा डिपर (खाली पडणारा, जवळचा झोत) सुमारे 1000 ल्युमेन (उजेडाचे एकक) देतो, तर कारखान्यातूनच झेनॉन लावून येणाऱ्या गाड्यांतला डी2एस बल्ब 3200 ल्युमेनच्या आसपास देतो. माझ्या किटचा उजेड मोजण्याचे साधन माझ्याकडे नव्हते, पण गाडीपुढचा रस्ता दुधासारखा पांढरा दिसू लागला आणि पहिले काही आठवडे मी अतिशय समाधानी होतो. पुढे हळूहळू लक्षात आले की, वाढलेला बहुतेक उजेड गाडीपुढच्या पंधरा-वीस मीटरांतच पडत होता. जवळचा रस्ता इतका उजळला की डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि त्यापलीकडचा अंधार पूर्वीपेक्षा गडद भासतो. वळणावर रस्त्यात बसलेली म्हैस मला जुन्या बल्बात जितक्या अंतरावरून दिसत असे, त्याहून लांबून ती या किटमध्ये एकदाही दिसली नाही.

याचे कारण रिफ्लेक्टरच्या घडणीत आहे. तो हॅलोजनच्या बारीक, सरळ तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो आणि एच-4 बल्बात डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते, जी वर जाणारा उजेड अडवते. झेनॉनची ज्योत तारेपेक्षा वेगळ्या आकाराची, किंचित वर वाकलेली असते आणि तिच्या दोन टोकांशी उजेड सर्वांत तीव्र असतो. माझ्या किटमध्ये अप्पर (लांबचा झोत) आणि डिपरसाठी संपूर्ण बल्बच चुंबकाने पुढे-मागे सरकत असे. अशा रचनेत तारेची नेमकी जागा साधत नाही आणि डिपरची वरची स्पष्ट रेघ, जिच्या वर उजेड जाऊ नये ती, विस्कटते.

हे मी घरी पडताळून पाहिले. शेजाऱ्यांची चिऱ्याची भिंत सरळ रचलेली आहे; तिच्यापासून 10 मीटरवर सपाट अंगणात गाडी उभी केली आणि चिऱ्यांच्या थरांचाच मापासाठी उपयोग केला. डिपरची रेघ या अंतरावर दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटीमीटर खाली असावी लागते. हॅलोजन लावल्यावर ती स्वच्छ दिसली. झेनॉन लावल्यावर मात्र रेघ अशी उरलीच नाही. तिच्या जागी धुरकट पट्टा होता आणि त्याच्या वर भिंतीच्या माथ्यापर्यंत उजेडाचे ठिगळ होते. स्क्रू फिरवून झोत खाली आणला, तर रस्ताच आखूड झाला. त्यानंतर मेहुण्याला गाडी चालवायला सांगून मी स्वतः स्कूटरवरून समोरून आलो. गाडी डिपरवर असूनही मला साइडपट्टी कुठे संपते हे दिसेना आणि मला थांबावे लागले. आठ महिने मी या रस्त्यावरच्या प्रत्येक दुचाकीस्वारावर हीच वेळ आणत होतो, याचे मला मनापासून वाईट वाटले. समोरून येणारे एसटीचे चालक मला वारंवार अप्पर का दाखवत, तेही तेव्हा उमगले.

पावसाळ्यात तर किटचे सगळे दोष एकदम पुढे आले. ओले डांबर आरशासारखे वागते. त्यावर पडलेला उजेड आपल्याकडे परत न येता पुढे निघून जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. वर उडालेला उजेड पावसाच्या थेंबांवरून आणि सड्यावरच्या (उघड्या कातळी पठारावरच्या) धुक्यावरून माघारी येऊन पांढरा पडदा उभा करतो. या निळसर उजेडात तांबडी माती मळकट करडी दिसे, त्यामुळे डांबराची कड आणि जांभ्याची साइडपट्टी यांतला फरक मला ओळखता येत नसे. आपल्याकडच्या अरुंद रस्त्यांवर तीच कड पाहून गाडी चालवावी लागते. धुक्याचे कण प्रकाशाच्या लहरींपेक्षा बरेच मोठे असल्यामुळे नुसत्या पिवळ्या रंगाने उजेड धुक्यातून अधिक आरपार जातो, असे नाही. झोत खाली राहणे अधिक महत्त्वाचे आहे आणि या किटमध्ये नेमके तेच साधत नाही.

दिवसा वळणावर अप्पर मारून सूचना देण्याची सवयही मोडावी लागली, कारण दिवा पूर्ण तेजावर यायला काही सेकंद लागतात आणि पुन्हा पुन्हा पेटवल्याने बल्बाचे आयुष्य घटते. जूनअखेर त्या भोकातून ओल शिरून डाव्या काचेच्या आत वाफ धरली. जुलैमध्ये उजव्या दिव्याचा रंग जांभळट होऊ लागला. एकच बल्ब बदलला तर दोन बाजूंचा रंग जुळत नाही, म्हणजे जोडीच घ्यावी लागते. किटमुळे रेडिओवर खरखरही होती, पण तिच्याकडे मी दुर्लक्ष केले होते.

कायद्याचा विचार मी आधी करायला हवा होता. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. विक्रेत्याने ‘काही अडचण येत नाही’ असे सांगितले होते आणि मी त्यावर विसंबलो. कारखान्यातून येणाऱ्या झेनॉनची गोष्ट वेगळी आहे. तिथे दिव्याची घडणच त्या ज्योतीसाठी असते आणि युरोपच्या नियमांप्रमाणे अशा प्रखर दिव्यांना भारानुसार झोत आपोआप खाली आणणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे बंधनकारक असतात.

गणपतीच्या आधी किट काढून मी पुन्हा 60/55 वॅटचा चांगल्या प्रतीचा हॅलोजन लावला आणि नव्या रबरी टोप्या बसवल्या. त्या वेळी दुसऱ्या वायरमनने मीटर लावून मूळ दुखणे दाखवले. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट होते, तर बल्बापर्यंत 12.1 व्होल्टच पोहोचत होते. उरलेला दाब जुन्या बारीक वायरींत, स्विचमध्ये आणि खाऱ्या हवेने गंजलेल्या अर्थिंगमध्ये जिरत होता. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो, म्हणून एवढ्याशा घटीनेही दिवा फार मंदावतो. त्याने बॅटरीवरून फ्यूजसह जाड वायर घेऊन दोन रिले (बॅटरीची वीज थेट दिव्याला जोडणारे विजेचे स्विच) बसवले आणि अर्थिंग घासून नवे केले. आता बल्बावर 13.5 व्होल्ट मिळतात, म्हणजे हिशेबाने उजेड पूर्वीच्या दीडपटीच्या जवळ गेला आहे, आणि डिपरची रेघही जागेवर आहे. या सगळ्याला किटच्या निम्म्याहून कमी खर्च आला.

भिंतीसमोरची जुळणी मात्र गाडीत एकटा चालक धरून केलेली आहे. गणपतीत पाच माणसे आणि मागे सामान घेऊन निघालो, तेव्हा गाडीचे नाक वर झाले होते. डॅशबोर्डवरचे झोत खालीवर करणारे बटण शून्यावरून दोनवर आणल्यावर समोरच्या गाड्यांनी अप्पर दाखवणे थांबवले.